कुत्री का बसली

मीटर रूममध्ये गांजाची पुडी सापडली ती प्लंबरला. पाइप कुठून गळतोय ते बघायला तो मीटरच्या खोक्यामागे हात घालत होता, तेव्हा त्याच्या हाताला वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी लागलं. त्याने ते सेक्रेटरींना नेऊन दिलं. सेक्रेटरींनी उघडून वास घेतला, खजिनदारांना दिला, मग अध्यक्षांना फोन करून खाली बोलावलं. तिघांनी वास घेतल्यावर ते काय आहे याबद्दल त्यांचं एकमत झालं, आणि लगेच घाबरून त्यांनी ती पुडी संडासात टाकून पाणी सोडलं. पोलिसांना कळवायचं नाही हेही तिथेच ठरलं. बिल्डिंगचं नाव खराब होईल, मग फ्लॅट कोण घेणार?

त्या मीटर रूमची चावी माझ्या बाबांकडे असायची.

बाबा त्या सोसायटीचे वॉचमन होते. मीरा रोडला हाटकेशच्या बाजूला दोन विंगांची, सात मजल्यांची इमारत. ए विंगच्या तळाला, मीटर रूमला लागूनच, एक खोली होती आणि आई, बाबा आणि मी तिथे राहायचो. गेट सांभाळणं आणि जिने झाडणं-पुसणं ही दोन्ही कामं बाबांकडे. महाडजवळच्या गावातून ते आले होते, चौथी शिकलेले. मी तेव्हा एस. वाय. बी. एस्सी.ला होते. दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच, त्यामुळे कॉलेजात आणि बिल्डिंगमध्ये, दोन्हीकडे मी जरा दबकूनच वागायचे.

खोली नोकरीबरोबर मिळालेली होती. ती गेली तर माझं कॉलेज कशाच्या जोरावर चालणार, हा प्रश्न आमच्यापैकी कोणी मोठ्याने विचारला नाही, पण पुडी सापडली त्या दिवसापासून तो आमच्यात जेवायला बसायचा.

"तुमच्यावर संशय नाही हां," असं कमिटीतल्या प्रत्येकाने बाबांना येऊन सांगितलं. अध्यक्षांनी दोनदा सांगितलं. ज्याच्यावर संशय नसतो त्याला असं कोणी सांगत नाही, एवढं आम्हाला कळत होतं. मीटर रूमची एक चावी सेक्रेटरींकडेही होती, आणि रीडिंग घ्यायला येणारा माणूस दार उघडं टाकून जायचा. पण त्यांच्याकडे जाऊन कोणी "तुमच्यावर संशय नाही" म्हटलं नाही.

मग कुत्रं आणायचं ठरलं. खजिनदारांच्या ओळखीत एक निवृत्त हवालदार होते. नोकरीत असताना त्यांनी श्वानपथकात कुत्री हाताळली होती, आणि आता काशीमीऱ्याला एका गॅरेजच्या मागे दोन-तीन कुत्री पाळून कंपन्यांची गोदामं तपासून द्यायचे. पोलिसांचा संबंध नाही आणि काम पोलिसांसारखंच, म्हणून कमिटी एकदम खूश झाली. "फेअर होना चाहिए," सेक्रेटरी म्हणाले. "पूरी बिल्डिंग चेक होगी. सबका घर."

नोटीस लिहायला मला बोलावलं. सोसायटीच्या सगळ्या नोटिसा मीच लिहायचे, मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत. 'रविवारी सकाळी दहा वाजता प्रशिक्षित श्वानाकडून इमारतीची तपासणी होईल. सभासदांनी सहकार्य करावे.' ती बोर्डवर लागली आणि त्याच संध्याकाळपासून सहकार्य सुरू झालं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, आमच्याकडे सोवळं असतं, कुत्रं दारातूनच परत न्या. चौथ्यावर नातू कुत्र्याला घाबरतो. पाचव्यावर त्या दिवशी सत्यनारायण होता. सेक्रेटरींच्या बायकोने सेक्रेटरींनाच सांगितलं, "किचन में नहीं आएगा. पहले बोल देती हूँ." प्रत्येकाला दुसऱ्यांची घरं तपासून हवी होती. ही यादी माझ्याकडे येत होती, कारण नोटीस मी लिहिली होती. जणू कुत्रंही मीच बोलावलं होतं.

शनिवारी मी प्रॅक्टिकल आटोपून आले तर गेटपासूनच फिनाईलचा भपकारा. सातव्या मजल्यापासून खालपर्यंत दोन्ही विंगांचे जिने धुतलेले. मीटर रूम धुतलेली, तिच्या कोपऱ्यात अजून पांढरं पाणी साचलेलं. आमच्या खोलीत आईने फरशी दोनदा पुसून धूप लावला होता, आणि चादरी बदलून ती दारात उभी होती.

"हे काय केलंत?" मी म्हटलं.

"उद्या साहेब येणार ना," बाबा म्हणाले. ते बादली पालथी घालत होते आणि चेहऱ्यावर चक्क समाधान होतं.

"बाबा, ते वास शोधायला येणारेत! कुत्रं वासावर चालतं!"

"मग? घाणीत शोधायला लावायचं का त्यांना?"

मी पंखा पाचवर केला, खिडकी उघडली. धुपाचा धूर पंख्याने जमिनीवर उतरला आणि तिथेच फिरत राहिला. आई म्हणाली, "अगं, कोणी चांगलं माणूस येणार म्हटल्यावर घर तसंच ठेवायचं का?" तिला मी काय सांगणार होते? आमच्याकडे तपासायला येणारा आणि पाहुणा यांत फारसा फरक करत नाहीत. दोघांनाही बसायला जागा आणि पाणी द्यायचं, दोघांसाठीही घर झाडायचं.

रविवारी जीप आली. हवालदार काका साठीचे, पांढऱ्या मिशा, पायात कॅनव्हासचे बूट. कुत्री लॅब्राडोर होती, फिकट पिवळी, अंगाने भरलेली, आणि आमच्या कमिटीपेक्षा शांत. गेटवर उत्तनची मासेवाली पाटी घेऊन बसायची, तिला सेक्रेटरींनी हात हलवून सांगितलं, "आज उधर जाके बैठो. कुत्ते का ध्यान जाएगा."

ती बसल्या जागेवरून म्हणाली, "माज्या बोंबलांना कुत्रा न्हाय लागत, मांजर लागतं. तुमचं काम करा तुमी." आणि हलली नाही. कुत्रीने तिच्या पाटीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

हवालदार काकांनी सुरुवातीलाच सगळ्यांना समजावलं. "ही भुंकणार नाही, उकरणार नाही. वास सापडला की गपचूप बसते आणि माझ्याकडं बघते. बसली की समजायचं, हितं आहे." मला ते ऐकून बरं वाटलं. साधी, स्वच्छ पद्धत होती.

पण लिफ्टपाशीच पहिलं भांडण झालं. लिफ्टच्या दारावर पाटी होती, 'पाळीव प्राण्यांना लिफ्टमध्ये सक्त मनाई.'

"साहेब, ही पाळीव नाही, ड्यूटीवर आहे," हवालदार काका म्हणाले.

"वो ठीक है, लेकिन रूल है," सेक्रेटरी म्हणाले. "आज इसको जाने दिया तो कल पोमेरियनवाला झगडा करेगा."

तेव्हा तपासायला बोलावलेली कुत्री सात मजले चालत चढली, उतरली, आणि दुसऱ्या विंगेत पुन्हा चढली. छप्पन्न फ्लॅटांपैकी अकरा घरांत तिला उंबऱ्याच्या आत घेतलं. बाकीच्यांनी दार बोटभर उघडून "बाहेरूनच बघा ना" म्हटलं. मी यादी धरून मागे होते. पाचव्या मजल्यावर सत्यनारायणाच्या घरासमोर ती धपकन बसली आणि मागच्या गर्दीत कोणीतरी ओरडलं, "बसली! बसली!" आतून काकू हळदीकुंकवाचं ताट घेऊन बाहेर आल्या आणि पांढऱ्याफटक पडल्या.

"दमलीय हो ती," हवालदार काका म्हणाले. "माझ्याकडं बघतेय का? जीभ काढून बसलीय. लिफ्ट द्या म्हणत होतो मघापासून."

दुपारी आमच्या खोलीची पाळी आली. आई दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी. कुत्रीने खाटेखाली हुंगलं, ट्रंकेभोवती फिरली, माझ्या जर्नलांच्या गठ्ठ्यावर नाक ठेवलं, डबे पाहिले आणि शेपूट हलवत बाहेर आली. बसली नाही. बाबांनी सुटकेचा श्वास टाकला तो मला ऐकू आला. मग ती मीटर रूममध्ये गेली. खोक्याच्या मागे थोडी घुटमळली, परत आली. तिथेही बसली नाही.

आणि तिथेच सगळं बिघडलं.

"एक मिनिट," खजिनदार म्हणाले. "पुडी तर इथेच होती. मग इथे का नाही बसली?"

"ती पुडी तीन आठवड्यांमागं काढली ना तुम्ही? कागदात गुंडाळलेली होती. वास राहिला नसेल," हवालदार काका म्हणाले.

"नाही नाही. फिनाईल. बघा केवढं टाकलंय. फिनाईलने वास मारला."

"फिनाईलनं काय होत नाही. माल असता तर फिनाईलच्या ड्रमात बुडवला असता तरी बसली असती."

पण खजिनदारांचं म्हणणं ऐकायला सोपं होतं आणि हवालदारांचं नव्हतं. मीटर रूम धुतली म्हणून तिथे कळलं नाही, वॉचमनची खोलीही धुतली होती, म्हणजे तिथेही कळलं नसेल. आणि धुतली कोणी? मागून कोणीतरी हळू आवाजात म्हणालं, "मुद्दाम." बाबांनी ते ऐकलं. ते खाली फरशीकडे बघत होते, त्यांनीच घासून चकचकीत केलेल्या.

पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून कमिटी बसली. मिनिट्स लिहायला मी. हवालदार काका कडेला चहा पीत होते, कुत्री त्यांच्या बुटांवर डोकं ठेवून पडली होती. बाबा उभे.

"फिनाईल कोणी टाकायला सांगितलं?" खजिनदारांनी विचारलं.

"कोणी नाही, साहेब. रोजच टाकतो."

"रोज एवढं?"

"साहेब येणार होते म्हणून जरा जास्त."

"बघा," खजिनदार बाकीच्यांकडे वळून म्हणाले. काय बघायचं ते त्यांनी सांगितलं नाही. त्याची गरजही नव्हती.

मी कधीच मध्ये बोलायचे नाही. वर्गातसुद्धा उत्तर येत असलं तरी हात वर करायला मला वेळ लागायचा. त्या दिवशी मी हात वर केला, पेनासकट.

"सर... म्हणजे, काका. आमच्या प्रॅक्टिकलमध्ये एखादी गोष्ट सापडली नाही, तर ती खरंच नाही की आपलं रसायन बिघडलंय, हे बघायला आम्ही माहीत असलेला नमुना घेऊन तीच टेस्ट करतो. त्यात आलं तर टेस्ट बरोबर. मग आधी आलं नाही ते नव्हतंच म्हणून."

सगळे माझ्याकडे बघत होते. फक्त हवालदार काकांनी कप खाली ठेवला. "बरोबर बोलतेय पोरगी. आम्ही ट्रेनिंगला हेच करतो. माझ्याकडं डबीत फडकं आहे. माल नाही हां त्यात, मालाजवळ ठेवून नुसता वास लागलेलं फडकं. फिनाईलच्या जागेत कुठंही लपवा. कुत्री बसली तर फिनाईलचा विषयच संपला."

"तो रखो कहीं," सेक्रेटरी म्हणाले.

"कुठं ठेवू? तुमच्या घरात?"

सेक्रेटरी मोबाइल बघू लागले. अध्यक्ष म्हणाले, पार्किंगमध्ये ठेवा. हवालदार म्हणाले, पार्किंग धुतलेलं नाही, मग काय अर्थ? खजिनदार म्हणाले, मीटर रूममध्ये ठेवा. त्यावर अध्यक्षच म्हणाले, तिथे पुडीचा जुना वास असेल तर पुन्हा वाद. जिने धुतलेले होते, पण तिथे काही लपवायला आडोसा नव्हता. मला सुचलेलं उत्तर इतकं सरळ होतं की मला ते बोलायला मुळीच वेळ लागला नाही.

"आमच्या खोलीत ठेवा."

बाबांनी मला दंडाला धरून आत नेलं. एरवी ते असं कधी करत नाहीत.

"बाय, नको."

"बाबा, त्यात काही नाही. फडकं आहे नुसतं."

"फडकं तरी कशाला आपल्या घरात? आज कुत्री आली, बसली नाही, गेली. बरं झालं. ते बोलतायत ते बोलू दे. चार दिवसांनी विसरतील."

"विसरणार नाहीत. तुम्ही मुद्दाम धुतलं म्हणतायत. हे केलं तर सिद्ध होईल."

"कुणाला?"

"सगळ्यांना."

"सगळे कुठायत? खाली पाच माणसं आहेत. बाकीचे गॅलरीतून बघतायत." त्यांनी दाराबाहेर हात केला. समोर बी विंगच्या गॅलऱ्या होत्या आणि खरंच, एकेका गॅलरीत दोन-दोन डोकी होती. "त्यांना कुत्री बसलेली दिसंल. का बसली ते दिसणार नाही."

"मी नोटीस लावीन. तीन भाषांत."

"बाय, ऐक माझं."

"तुम्हाला कळत नाही, बाबा," मी म्हटलं.

माझा आवाज चढला होता. त्यांचा फिनाईलचा हट्ट, साहेब येणार म्हणून धुणं, मान खाली घालून "रोजच टाकतो" म्हणणं, या सगळ्याचा मला कालपासून राग येत होता. इतका सोपा उपाय समोर असताना हा माणूस गॅलऱ्या काय मोजत बसलाय, असं वाटलं. आई म्हणाली, "अहो, शिकलीय ती. करू द्या तिला." बाबांनी भिंतीवरची देवाची तसबीर खिळ्यावरून काढली आणि ती हातात घेऊन ते बाहेर जाऊन उभे राहिले.

हवालदार काकांनी फडकं तांदळाच्या डब्यामागे लपवलं. कमिटीचे पाचही जण दारात वाकून बघत होते. कुत्री आत गेली. खाट, ट्रंक, डबे. दहा सेकंदसुद्धा लागले नसतील. ती तांदळाच्या डब्यासमोर बसली आणि मान वळवून तिने हवालदार काकांकडे पाहिलं. त्यांनी खिशातला चेंडू तिच्याकडे टाकला, "शाबास गं!" म्हणाले, आणि दारातल्या पाचही जणांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. अध्यक्षांनी स्वतः मला सांगून मिनिट्समध्ये लिहून घेतलं, 'फिनाईलचा तपासणीवर परिणाम होत नसल्याचे सिद्ध झाले. वॉचमनच्या खोलीत आक्षेपार्ह काहीही नाही.' खाली सह्या झाल्या. मला माझ्या कुठल्याही मार्कांचा झाला नसेल इतका आनंद त्या सह्यांचा झाला.

सोमवारी संध्याकाळी आई बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावर एका घरी रोजच्यासारखी पोळ्या करायला गेली आणि पाच मिनिटांत परत आली. त्या बाई म्हणाल्या होत्या, "थोडे दिवस येऊ नका." का, ते सांगितलं नव्हतं. मंगळवारी इस्त्रीवाल्याने बाबांना विचारलं, "क्या भैया, आपके यहाँ कुत्ता बैठ गया बोलते हैं?" मला एका दिवसात सगळं कळलं. बी विंगने वरून पाहिलं होतं की कुत्री सकाळभर फिरली, कुठेच बसली नाही. दुपारनंतर कमिटीने तिला पुन्हा वॉचमनच्या खोलीत नेलं, तिथे ती बसली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हणजे पकडलं.

मी नोटीस लिहिली. पूर्ण पान, तीन भाषांत. पहिल्या तपासणीत काय झालं, शंका काय होती, नमुना कोणी, कुठे आणि कशासाठी ठेवला, त्यावरून काय सिद्ध होतं. खाली मिनिट्समधली ओळ उतरवली. बोर्डासमोर लोक थांबायचे तेव्हा मी आडून बघायचे. नजर वरून खाली सरकायची, 'वॉचमनच्या खोलीत' आणि 'श्वान बसला' इथे अडकायची, आणि माणूस निघून जायचा. ज्यांना काही माहीत नव्हतं त्यांनाही आता माहीत झालं. दोन दिवसांनी सेक्रेटरींनीच ती काढायला लावली. "बेटा, तुम्हारा नोटीस पढ़के मेरे साढू का फोन आया, वॉचमन अंदर हो गया क्या. निकालो उसको."

मग मी तोंडी सांगायला सुरुवात केली. बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावरचे काका भले माणूस होते, ते मला नेहमी अभ्यासाचं विचारायचे. त्यांना जिन्यात गाठलं.

"म्हणजे तिथे काहीतरी ठेवलेलं होतं," ते सगळं ऐकून म्हणाले.

"हो, पण आम्ही नाही ठेवलं. हवालदारांनी ठेवलं."

"हवालदारांनी तुमच्याच घरात का ठेवलं?"

"मी सांगितलं म्हणून."

"तू सांगितलंस?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली बघू लागले. "बेटा, अभ्यासावर लक्ष दे. या भानगडीत पडू नकोस."

मी चिडले म्हणजे मला रडू येतं, आणि रडणारी मुलगी काही समजावून सांगतेय असं कोणाला वाटत नाही. मी हवालदार काकांना भेटायला काशीमीऱ्याला जाऊन आले. ट्रकांच्या रांगेतून ते गॅरेज शोधायलाच अर्धा तास गेला. ते म्हणाले, "लिहून देतो ना, काय पाहिजे ते." लिहूनही दिलं, सहीसकट. तो कागद मी अध्यक्षांना दिला. अध्यक्षांनी वाचला, घडी केली आणि म्हणाले, "हे आम्हाला माहीतच आहे गं."

तेच तर मला कळत नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्यांना कागदाची गरज नव्हती, आणि ज्यांना नव्हतं ते वाचणार नव्हते.

या सगळ्या दिवसांत बाबा एकदाही "मी म्हटलं होतं" असं बोलले नाहीत. त्यांनी ते म्हटलं असतं तर मी भांडले असते, आणि भांडल्यावर मला जरा बरं वाटलं असतं. ते रोज सकाळी सातव्या मजल्यापासून जिने पुसत खाली यायचे. बी विंगमध्ये काही जण त्यांच्यासमोर दाराला आतून कडी लावायचे. आवाज व्हायचा. ते फडकं पिळून पुढच्या पायरीवर यायचे.

महिन्याच्या शेवटी सर्वसाधारण सभा झाली. आरोप कोणीच केला नाही. अध्यक्ष बोलायला उठले तेव्हा आधी म्हणाले, की वॉचमन प्रामाणिक आहेत, कमिटीला त्यांच्याबद्दल काही शंका नाही. मग म्हणाले, पण सभासदांच्या भावनांचाही विचार करावा लागतो. मग म्हणाले, सोसायटीला बऱ्याच दिवसांपासून ऑफिससाठी जागा हवी होती. नोकरी तशीच राहील. खोली तेवढी पुढच्या महिनाअखेर रिकामी करावी. यात कोणावर ठपका नाही, कोणाला वाईट वाटायचं कारण नाही. हात वर झाले. मला वाटतं, तिथे जमलेल्यांपैकी बऱ्याच जणांना खरंच वाटत होतं की आपण काही वाईट केलेलं नाही.

"बरं, साहेब," बाबा म्हणाले.

मी मिनिट्सची वही उघडली आणि उभी राहिले. ती ओळ वाचून दाखवली. 'आक्षेपार्ह काहीही नाही.' सह्या कोणाच्या आहेत तेही वाचलं.

"बेटा, ते बरोबरच आहे," अध्यक्ष म्हणाले. "नाही कोण म्हणतंय?"

खरंच कोणी नाही म्हणत नव्हतं. मी वही धरून उभी राहिले. पुढचा विषय पाण्याच्या टँकरचा होता, आणि तो सुरू झाला.

आम्हाला गोडदेवला एका चाळीत खोली मिळाली. मागच्या बाजूची, दुपारीही दिवा लावावा लागायचा. आई हाटकेशच्या एका कारखान्यात डबे पॅक करायला जाऊ लागली, आणि मी सकाळी कॉलेज, दुपारनंतर शिकवण्या. कॉलेज सुटलं नाही, हे मी आधी सांगायला हवं होतं कदाचित. ते टिकलं, पण त्या वर्षी मी ज्या मार्कांच्या आशेवर होते ते आले नाहीत. कोणत्या रसायनाने काय सिद्ध होतं हे लिहिताना माझा हात मध्येच थांबायचा.

तिथे गेल्यावर पंधरा-वीस दिवसांनी बाबा डबा विसरून ड्यूटीवर गेले. मी कॉलेजला जाताना तो द्यायला सोसायटीत गेले. गेटवर बी विंगचे एक गृहस्थ स्कूटर काढत होते. बाबांना म्हणाले, "काय, खोली सोडलीत म्हणे? हां, ते कुत्र्याचं झालं ना."

"काका, कुत्री बसली ती..." मी सुरू केलं.

"ऑफिस होणार आहे तिथं, साहेब," बाबा मध्येच म्हणाले आणि त्यांनी गेटचा दुसरा दरवाजा ओढून पूर्ण उघडला. "जाऊ द्या, उशीर होत असंल." स्कूटर निघून गेली.

"सांगू का दिलं नाहीत मला?"

"त्यांना कामाला जायचं होतं."

"दोन मिनिटं लागली असती."

"दोन मिनिटांत होतं का ते, बाय?" त्यांनी डबा घेतला आणि केबिनमधल्या खुर्चीवर ठेवला. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला तो हवा होता.

"बाबा, त्या दिवशी मी म्हटलं ना, तुम्हाला कळत नाही म्हणून..."

"कधी?"

ते बादली भरायला नळाकडे वळले होते, त्यामुळे त्यांचा चेहरा मला दिसला नाही. खरंच आठवत नव्हतं की मला सोडवत होते, ते मी आजही सांगू शकत नाही. मी तारीख सांगितली, वेळ सांगितली, ते कुठे उभे होते ते सांगितलं. नळाच्या आवाजात त्यातलं किती त्यांच्यापर्यंत पोचलं कोण जाणे.

"असंल," ते म्हणाले. "जा आता, बस चुकंल तुझी."

त्यांनी बादली उचलली आणि बी विंगच्या जिन्याने वर निघाले. मी माझं बोलणं तिथेच पूर्ण केलं, माझं चुकलं, असं म्हटलं. ते पहिल्या वळणावर पोचले होते.

"बरं," वरून आवाज आला.